कोच किती आणि पोरगा किती

ग्रेग कुक हे नाव आज अमेरिकेतल्या फुटबॉलवेड्या पोरांनाही माहीत नसतं. १९६९ साली सिनसिनाटी बेंगल्स या नव्या टीमने आपल्याच शहरातल्या युनिव्हर्सिटीतून हा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून टीमचा खेळ चालवणारा खेळाडू, उचलला आणि पहिल्या मॅचपासूनच तो असा काही खेळायला लागला की बघणाऱ्यांना वाटलं, हे पाणी वेगळंच आहे. उंच, दणकट, लांबवर बॉल फेकणारा आणि फेकताना अजिबात घाई नाही. तिसऱ्या मॅचला कॅन्सस सिटीविरुद्ध त्याला पाडलं आणि उजवा खांदा गेला. आत नेमकं काय फाटलंय हे बघायला तेव्हा एमआरआय नव्हतं, म्हणून तो थोड्या मॅचेस बसला, मग परत आला आणि त्याच फाटलेल्या खांद्याने उरलेला सीझन खेळला. एवढं होऊनही दर पासमागे ९ यार्डांच्या वर सरासरी, जी आजच्या भल्याभल्यांना जमत नाही, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम रूकी, म्हणजे नवखा खेळाडू, तोच. मग ऑपरेशनं झाली, खांदा काही पूर्वीसारखा झाला नाही, १९७३ मध्ये दुसऱ्या एका टीमकडून तीन पास टाकले आणि संपलं सगळं.

त्या टीमचं पासिंग बघायचा बिल वॉल्श. तेव्हा तो हेड कोच पॉल ब्राऊनच्या हाताखाली असिस्टंट होता. पुढे जो मोंटाना या महान क्वार्टरबॅकला ज्याने घडवलं असं सगळे म्हणतात तो हाच वॉल्श, आणि कुक टिकला असता तर कदाचित सगळ्यांत मोठा क्वार्टरबॅक झाला असता, हे तो पुढेही कायम सांगत राहिला.

मला याचं फार वाटतं. क्वार्टरबॅक घडवण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता, तोच माणूस सांगतोय की माझ्याकडे आलेला सगळ्यांत भारी पोरगा तयार होऊनच आला होता. मग कोचिंग म्हणजे नक्की काय?

मी कॅलिफोर्नियात सांता क्लारात राहते, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या टीमचं स्टेडियम आमच्या घरापासून सायकलवर जाता येईल इतकं जवळ आहे. मुलगा फ्लॅग फुटबॉल खेळतो, म्हणजे ज्यात पाडापाडी नसते, कमरेची पट्टी ओढली की चाल तिथेच थांबते (२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटसोबत हाही खेळ आहे), आणि त्याच्या टीममध्ये क्वार्टरबॅक तो आहे. त्यामुळे आमच्या मराठी मंडळींच्या जेवणाखाण्यात हा विषय निघतोच. निम्मे म्हणतात चांगला प्रायव्हेट कोच लाव, इथे त्यासाठी रांगा लागतात, मुलं सातवी-आठवीपासून जातात. उरलेले निम्मे म्हणतात असेल तर असेल, नसेल तर कितीही पैसे घाल, आणि मग पाच मिनिटांत आचरेकर सरांचं नाव निघतं आणि गाडी शिवाजी पार्कला पोचते. मी मात्र अशा वेळी वॉल्शकडे वळते, कारण त्याच्या आयुष्यात हा प्रश्न जणू कोणीतरी मुद्दाम मांडून ठेवलाय. कोच एकच आणि त्याच्या हाताखाली एकामागून एक अगदी वेगवेगळे पोरगे.

ज्यांनी हा खेळ बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अकरा जणांच्या टीममध्ये क्वार्टरबॅक हा एकटा माणूस जवळजवळ प्रत्येक चाल सुरू करतो. बॉल त्याच्या हातात येतो, समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याच्यावर धावून येतात आणि साधारण अडीच-तीन सेकंदांत त्याला ठरवायचं असतं की पळणाऱ्या चार-पाच साथीदारांपैकी कोणाला, कुठे, किती जोरात. तेही साथीदार आत्ता जिथे आहे तिथे नाही, पुढच्या क्षणी जिथे असेल तिथे. बॉल फेकता येणं ही यातली सगळ्यांत सोपी गोष्ट, असं मी आता म्हणायला लागलेय.

तर कुकचा खांदा गेल्यावर १९७० मध्ये वॉल्शच्या वाट्याला आला व्हर्जिल कार्टर. ह्याच्या हातात जोर नाही, लांबचा पास ही त्याची गोष्टच नव्हती. पण डोकं जबरदस्त, मैदानावरच्या कुठल्या जागेवर बॉल असला तर त्याची किंमत किती पॉइंट्स याचं गणित मांडणारा पेपर त्याने एका प्रोफेसरबरोबर लिहिला आणि तो १९७१ ला छापूनही आला. वॉल्शने काय केलं, तर कुकसाठी आखलेला सगळा लांबलांबचा खेळ बाजूला ठेवला आणि कार्टरला जे जमेल त्याच्याभोवती नवा खेळ बांधला. मैदान ५३ यार्ड रुंद आहे ना, मग पुढे फेकण्याऐवजी आडवं पसरा, छोटे पास, मोजून पावलं, तीन पावलं मागे आणि बॉल सुटला, पाच पावलं मागे आणि बॉल सुटला, कोण कुठे असेल हे आधीच ठरलेलं. १९७० मध्येच बेंगल्सनी पहिल्या सातपैकी सहा मॅचेस हरून मग सलग सात जिंकल्या आणि आपली डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आपला गट, मारली, तीही टीम जन्माला आल्यानंतरच्या तिसऱ्याच सीझनला. पुढच्या वर्षी अचूकतेत, म्हणजे पूर्ण झालेल्या पासांच्या टक्केवारीत, अख्ख्या लीगमध्ये कार्टर पहिला.

हाच खेळ पुढे वेस्ट कोस्ट ऑफेन्स म्हणून प्रसिद्ध झाला आणि आज जवळजवळ प्रत्येक टीमच्या प्लेबुकात त्याचे तुकडे सापडतात. म्हणजे फुटबॉलमधली एक सगळ्यांत मोठी कोचिंगची कल्पना जन्मली ती टॅलेंट हातातून निसटल्यामुळे. मला कोच म्हणून वॉल्शचं मोठेपण दिसतं ते इथे. माझी पद्धत अशी आहे, तू तिच्यात बस, असं तो म्हणाला नाही.

पण कार्टर महान झाला का? नाही. दोन वर्षांत त्याची जागा केन अँडरसनने घेतली, इलिनॉयमधल्या ऑगस्टाना नावाच्या एका छोट्या कॉलेजचा पोरगा, टीम आळीपाळीने कॉलेजचे पोरगे निवडतात त्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या राउंडला उचललेला. वॉल्शने त्याच्या पायांवर, उभं राहण्यावर, फेकण्यावर कितीतरी काम केलं आणि १९७४ आणि १९७५ असे सलग दोन वर्षं तो लीगमधला सर्वांत चांगला पासर ठरला. पद्धत तीच, कोच तोच, दोघंही मेहनती, दोघंही हुशार. कार्टर एका उंचीपर्यंत गेला आणि थांबला, अँडरसन त्याच्या पुढे गेला. मधला जो फरक आहे तो वॉल्शने दिलेला नाही, तो अँडरसन घरून घेऊन आला होता.

मोंटानाची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते म्हणून ती मी भराभर सांगते. १९७९ चा ड्राफ्ट, वॉल्श आता सॅन फ्रान्सिस्कोचा हेड कोच, मोंटाना तिसऱ्या राउंडला ८२ वा. बारीक अंगाचा, हात साधारण, असं खेळाडू हेरणाऱ्या स्काउट लोकांचं मत. वॉल्शने त्याला स्वतः बॉल टाकताना बघितलं आणि त्याच्या मनात भरले ते पाय. पळण्याचा वेग नाही, पायांची चपळाई, की कुठूनही कसाही सरकला तरी दुसऱ्या क्षणी अंग फेकायच्या तयारीत. आणि मग जे केलं ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, त्याने मोंटानाला लगेच खेळवला नाही. पहिल्या वर्षी टीम १४ मॅचेस हरली, लोक ओरडत होते, तरी मोंटाना बहुतेक वेळ बाकावर आणि खेळत होता स्टीव्ह डीबर्ग. दुसऱ्या वर्षी हळूहळू, सोप्या जागी, जिंकता येईल अशा परिस्थितीत उतरवला. सरावात बॉल नुसता साथीदाराच्या हातात पोचून चालायचा नाही, तो त्याच्या छातीच्या किंचित पुढे, त्याचं पाऊल न अडखळता तो तसाच पळत सुटेल असा पोचायला हवा, आणि ते होईपर्यंत परत. तिसऱ्या वर्षी सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल. समोर कोण, तर बेंगल्स, आणि त्यांचा क्वार्टरबॅक केन अँडरसन! वॉल्शचे दोन विद्यार्थी समोरासमोर, २६-२१, मोंटाना जिंकला.

टॅलेंटवाल्यांना मी दुसरी मॅच दाखवते. जानेवारी १९८९, मायामी, पुन्हा तेच दोन संघ. बेंगल्सचा हेड कोच आता सॅम वाइच, जो १९६९ मध्ये कुक जखमी झाल्यावर बॅकअप म्हणून उतरला होता आणि नंतर सॅन फ्रान्सिस्कोत वॉल्शच्या हाताखाली क्वार्टरबॅक कोच होता. म्हणजे मैदानाच्या दोन्ही बाजूंना एकच शाळा. वाइचला मोंटाना आतून-बाहेरून माहीत. बेंगल्स तीन पॉइंट्सनी पुढे, तीन मिनिटांच्या जरा वर वेळ शिल्लक, मोंटानाला ९२ यार्ड जायचंय. हडलमध्ये, म्हणजे चालीआधीच्या घोळक्यात, सगळ्यांची छाती धडधडतेय आणि हा माणूस प्रेक्षकांकडे बघून साथीदाराला दाखवतो की तो बघ, जॉन कँडी बसलाय, सिनेमातला. मग ११ चाली, शेवटचा पास जॉन टेलरला, ३४ सेकंद शिल्लक, २०-१६.

त्या शांतपणाचा क्लास कुठे मिळतो? वॉल्शने दिलेली पावलं, टायमिंग, वाचन सगळं त्या ११ चालींमध्ये होतं यात वादच नाही. पण तेवढं तर वाइचलाही ठाऊक होतं. कोचिंग दोन्हीकडे सारखंच असेल तर उरतो तो माणूस.

इतकं सांगितलं की टॅलेंटवाले खूश होतात, आणि मग मी स्टीव्ह यंग काढते.

यंग टँपा बे या टीमकडे दोन सीझन होता, १९८५ आणि ८६. तो उतरला त्या १९ मॅचेसपैकी १६ हरला, ११ टचडाऊन पास, म्हणजे थेट पॉइंट्स मिळवून देणारे, आणि २१ इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्या टीमने पकडलेले पास. लोक म्हणाले पळतो छान पण क्वार्टरबॅक नाही. त्याच्या जागी टँपाने १९८७ ला व्हिनी टेस्टाव्हर्डी हा देशातला पहिल्या नंबरचा पोरगा आणला आणि पुढच्याच वर्षी त्याने ३५ इंटरसेप्शन टाकली, म्हणजे बिघाड नेमका कुठे होता ते बघा. वॉल्शने यंगला दोन ड्राफ्ट पिकच्या बदल्यात घेतला. तो मोंटानाच्या मागे वर्षानुवर्षं बसला, चिडला, कुढला, पण शिकत राहिला, आणि १९९१ ला जागा मिळाल्यावर पासरांच्या रेटिंगमध्ये सहा वेळा लीगमध्ये पहिला, दोनदा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, आणि जानेवारी १९९५ च्या सुपर बोलमध्ये एकाच मॅचमध्ये सहा टचडाऊन पास. माणूस तोच, डावा हातही तोच. टँपातच राहिला असता तर आज आपण त्याचं नावही घेतलं नसतं, आणि टॅलेंटवाले म्हणाले असते की नव्हतंच त्याच्यात.

हे नव्हतंच त्याच्यात म्हणणं मला फार क्रूर वाटतं. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स ही कोरी करकरीत टीम सुरू झाली, ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरला डेव्हिड कार, आणि पहिल्याच सीझनमध्ये त्याला ७६ वेळा सॅक केलं, म्हणजे हातात बॉल असताना ७६ वेळा जमिनीवर आपटलं. आजवरचा तो रेकॉर्ड आहे. त्या मुलाला वर बघून मैदान वाचायची सवय लागणार कशी, तो समोरून येणाऱ्या माणसांकडेच बघणार ना. किंवा आमच्याच फोर्टीनाइनर्सचा ॲलेक्स स्मिथ, २००५ चा पहिला पिक. सुरुवातीची कितीतरी वर्षं त्याला जवळजवळ दर सीझनला नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (चाली आखणारा कोच), म्हणजे दर वर्षी नवी भाषा, नव्या खुणा, नवी पावलं. स्टेडियममध्ये लोक त्याला हूट करायचे. मग २०११ ला जिम हार्बॉ आला, स्वतः क्वार्टरबॅक खेळलेला माणूस, आणि त्याच स्मिथबरोबर टीम १३ मॅचेस जिंकली. त्याच २००५ च्या ड्राफ्टमध्ये २४ वा गेलेला ॲरन रॉजर्स ग्रीन बे टीमकडे तीन वर्षं ब्रेट फार्व्ह या दिग्गज क्वार्टरबॅकच्या मागे शांतपणे बसला, शिकला आणि आता सगळे म्हणतात की टॅलेंट बघा काय होतं. होतंच. पण त्याला तीन वर्षं कोणी आपटलं नव्हतं.

म्हणून माझं मत हळूहळू असं झालंय की महान क्वार्टरबॅक कोच तयार करत नाही, पण कोच त्याला मारू शकतो, आणि मारलेल्यांची संख्या आपल्याला कधी कळतच नाही कारण ते सगळे आपल्या हिशेबात टॅलेंट नसलेले म्हणून जमा होतात.

मारण्याचा अजून एक प्रकार आहे आणि आईबाप म्हणून मला तो जास्त टोचतो. टॉड मॅरिनोव्हिच. त्याचे वडील मार्व्ह स्वतः फुटबॉल खेळलेले आणि स्ट्रेंग्थ कोच. त्यांनी मुलगा पाळण्यात असल्यापासून त्याला क्वार्टरबॅक करायला घेतलं. स्ट्रेचिंग, ठरलेलं खाणं, दुसऱ्यांच्या वाढदिवसाला जाताना घरचा खाऊ सोबत, शरीराच्या एकेका भागासाठी एकेक तज्ज्ञ. १९८८ मध्ये मासिकांत त्याच्यावर लेख, रोबो क्वार्टरबॅक म्हणून. आणि पोरगा खरंच चांगला होता, शाळेत पासिंगचे रेकॉर्ड, मग यूएससी युनिव्हर्सिटी, मग १९९१ ला रेडर्स या टीमने पहिल्या राउंडला घेतला, ब्रेट फार्व्हच्या आधी. दोन सीझन. त्यानंतर ड्रग्ज, अटक, परत ड्रग्ज, सगळं त्याने स्वतः नंतर उघडपणे सांगितलंय. कोचिंगने टॅलेंट तयार होत असतं तर या मुलाइतकं कोचिंग कोणाला मिळालं होतं? त्याचं लहानपण वाचलं तेव्हा मी त्या आठवड्यात मुलाला सरावाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, तो स्वतःहून बोलला तेवढंच ऐकलं.

आता माझ्याच मताला धक्का देणारं उदाहरण, कारण ते टाळणं बरोबर नाही. बरीच वर्षं या धंद्यातल्या जाणत्या लोकांचं ठाम म्हणणं होतं की हाताचा जोर आणि अचूकता या जन्मजात, कॉलेजात अचूक नसलेला पोरगा पुढे अचूक होत नाही. जॉश ॲलन, कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या छोट्या शेतीच्या गावचा. मोठ्या कॉलेजांनी विचारलं नाही, ज्युनियर कॉलेजातून वायोमिंगला गेला, २०१८ ला बफेलो टीमने सातव्या नंबरवर घेतला तेव्हा केवढी टीका झाली, हात तोफेसारखा पण बॉल कुठेही जातो म्हणून. पहिल्या वर्षी निम्म्याहून जेमतेम जास्त, ५२.८ टक्के पास पूर्ण. दुसऱ्या वर्षी ५८.८. तिसऱ्या वर्षी, २०२० ला, ६९.२! अशी उडी जवळजवळ कोणी घेतलेली नाही. ऑफ सीझनला त्याने फेकण्याची पद्धत मुळापासून बदलली, कंबर आणि पाय आधी आणि हात शेवटी, चाली आखणारा कोच ब्रायन डेबॉल याने त्याच्या अंगाला मानवेल असा खेळ आखला आणि त्याच वर्षी स्टेफन डिग्जसारखा पास पकडणारा रिसीव्हर मिळाला. यातलं नेमकं कशामुळे किती, हे वेगळं काढता येत नाही. पण जे शिकवताच येत नाही असं म्हणत होते ते पोरगा शिकला, आणि २०२४ च्या सीझनचा एमव्हीपी झाला. तेव्हा मी टॅलेंट म्हणते ते नक्की काय आहे याची रेघ मला पुसून परत मारावी लागली. आता मला वाटतं ते हातात कमी आणि शिकण्याच्या भुकेत जास्त असावं, की सगळं जग हसत असतानाही हा पोरगा उन्हाळ्यात जाऊन पहिल्यापासून पाऊल टाकायला शिकतो.

१९९४ पासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये एक छोटा स्पीकर असतो, कोच त्यातून चाल सांगतो. पण चाल सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो, नियमच आहे तसा. समोरची टीम शेवटच्या क्षणी जागा बदलते ती त्यानंतर, त्यामुळे चाल बदलायची की नाही ते हा एकटा ठरवतो. मला वाटायचं की इथपर्यंत कोचिंग आणि इथून पुढे टॅलेंट. आता तसं वाटत नाही. आवाज बंद झाल्यावर तो जे बघतो ते त्याला कोणीतरी शंभर वेळा फिल्म थांबवून दाखवलेलं असतं, आणि आवाज चालू असताना तो जे ऐकतो त्यातलं किती आत शिरतं ते त्याच्यावर असतं.

आणि शेवटी वॉल्शचीच एक गोष्ट, जी मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त शिकवून गेली. २००० साली तो परत फोर्टीनाइनर्सचा जनरल मॅनेजर होता. यंगचं डोक्याच्या दुखापतींमुळे संपत आलेलं, टीमला नवा क्वार्टरबॅक हवाच होता. इथून अर्ध्या तासावर सॅन मटेओचा एक पोरगा ड्राफ्टमध्ये होता, फोर्टीनाइनर्सचा लहानपणापासूनचा वेडा, १९८२ मध्ये मोंटानाने डलासविरुद्ध तो प्रसिद्ध पास टाकला तेव्हा चार वर्षांचा हा मुलगा आईवडिलांबरोबर कँडलस्टिक स्टेडियममध्ये बसलेला होता. टॉम ब्रेडी. ४० यार्ड पळायला ५.२८ सेकंद, म्हणजे फारच हळू. वॉल्शच्या टीमने तिसऱ्या राउंडला घेतला तो जिओव्हानी कार्माझी, पळायला कितीतरी वेगवान, मापांमध्ये उजवा. तो एकही खरी मॅच खेळला नाही. गंमत म्हणजे त्याच सुमाराला कॅनडातून वॉल्शनेच आणलेला गिलरॉयचा जेफ गार्सिया, ज्याला कोणीच ड्राफ्ट केलं नव्हतं, तो टीमचा क्वार्टरबॅक म्हणून उत्तम खेळत होता. म्हणजे नजर गेली नव्हती. तरी ब्रेडी सुटला. ज्या नजरेने ८२ व्या नंबरवर मोंटाना ओळखला, तिला घराशेजारचा ब्रेडी दिसला नाही.

न्यू इंग्लंड टीमने ब्रेडीला १९९ व्या नंबरवर घेतला, तेव्हा त्यांच्याकडे आधीच तीन क्वार्टरबॅक होते. सहसा टीम दोन, फार तर तीन ठेवते. हेड कोच बिल बेलिचिकने चौथा ठेवला, अख्ख्या वर्षात त्याने तीन पास टाकले, बाकी वेळ सराव, जिम आणि फिल्म. दुसऱ्या वर्षी मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसोला जबर लागलं आणि हा उतरला. पुढे सात सुपर बोल, त्यातला सातवा टँपा बेला, बेलिचिकशिवाय, आणि बेलिचिकची टीम ब्रेडीशिवाय घसरत शेवटी अख्ख्या सीझनला चार विजयांवर आली. यावरून लोक म्हणतात बघा, ब्रेडीच होता सगळं. मी मात्र २००० सालच्या त्या चौथ्या जागेकडे बघते. सहाव्या राउंडचा पोरगा, हळू पळणारा, त्याला त्या सप्टेंबरमध्ये कापला असता तर कोणी एक प्रश्नही विचारला नसता. कार्माझीला ती जागा न्यू इंग्लंडला मिळाली असती तर तो ब्रेडी झाला असता असं मला मुळीच वाटत नाही. पण कापलेला ब्रेडी दुसऱ्या कुठल्या टीमने उचलून वर्षभर शिकवला असता, असंही वाटत नाही.